दाताळ्याखालची दुपार

माझा डावा घोटा अजूनही पुरता वळत नाही. मांडी घालून बसायचं झालं तर तो पाय आधी हाताने उचलून जागेवर ठेवावा लागतो. कोणी विचारलं तर मी "ट्रॅक्टरच्या कामात लागलं" एवढंच सांगतो. ते खरं आहे, पण पुरतं खरं सांगायचं तर मी काम करायचो त्या केंद्राच्या भिंतीवर मी जी एक ओळ लिहिली नाही तिथून सुरुवात करावी लागेल.

बी.ए. झाल्यावर मला तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांना ट्रॅक्टर पुरवणाऱ्या एका अवजार केंद्रात कारकुनाची जागा मिळाली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आईवडील दोघेही दुसऱ्यांच्या रानात राबत आलेले, आणि मला मात्र खुर्ची मिळाली याचं दोघांना इतकं अप्रूप होतं की वडील पहिल्या महिन्यात दोनदा नुसते खुर्ची बघायला येऊन गेले. दारातूनच बघायचे. आत या म्हटलं तर "काम कर, काम कर" म्हणत निघून जायचे.

केंद्रात दोन ट्रॅक्टर होते आणि त्यांना मागे जोडायची अवजारं. त्यातलं एक नवीन होतं, लोखंडी दाताळं. अंगणातला पाला ओढायचं लाकडी दाताळं असतं तसंच, पण माणसापेक्षा रुंद आणि कोयत्यासारखे वाकलेले जाड दात असलेलं. ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी खिळी घालून ते अडकवायचं. लिफ्टची दांडी वर केली की ते उचललं जायचं, खाली केली की जमिनीवर बसायचं आणि दगडधोंडे ओढत न्यायचं. आमच्याकडे माळ भरपूर. लाल मुरूम आणि त्यात डोक्याएवढे धोंडे. भूमिहीनांना सरकारकडून नव्याने मिळालेल्या जमिनी बहुतेक असल्याच होत्या, त्यामुळे दाताळ्याला मागणी फार.

त्याच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. आमचा भाग कानडी राज्यात गेलेला, म्हणून केंद्राची सगळी कागदपत्रं कानडीत, ड्रायव्हर आणि शेतकरी मराठीत बोलणारे, आणि पुस्तिका इंग्रजीत. व्यवस्थापकांनी ती माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "तू शिकलेला आहेस. सूचना मराठीत करून भिंतीवर रंगवून टाक."

मी तीन दिवस डिक्शनरी घेऊन बसलो. सात सूचना निघाल्या. दाताळ्यावर माणूस बसवू नये. वळताना दाताळं उचलावं. खिळींना कड्या घातल्याशिवाय निघू नये. अशा. चौथी सूचना होती: ट्रॅक्टर उभा करून खाली उतरण्याआधी दाताळं जमिनीवर टेकवावं, ते उचललेलं असताना कोणीही त्याखाली जाऊ नये.

रंगवण्याआधी मी त्या सूचना दाताळ्याच्या ट्रॅक्टरवरच्या ड्रायव्हरला वाचून दाखवल्या. त्याला सगळे अण्णा म्हणत. पन्नाशीचा, भालकीकडचा, तीन भाषा बोलणारा आणि एकही न वाचणारा. चौथ्या सूचनेवर तो हसायला लागला.

"मास्तर, खाली टेकवलं तर उचलायचं कसं?"

"लिफ्टनं."

"लिफ्ट कशानं चालतीय?"

"इंजिनानं."

"आन् इंजिन कशानं चालू हुतंय? तुमच्या पुस्तकानं?"

तिथे उभे असलेले दोघे-तिघेही हसले. मला त्यांचं म्हणणं कळलं होतं. त्या ट्रॅक्टरची बॅटरी मेलेली होती. सेल्फ मारला तर नुसता टक आवाज यायचा. म्हणून अण्णा ट्रॅक्टर नेहमी उतारावर, तोंड खाली करून उभा करायचा. चाकाखाली दगड लावायचा. दगड काढला की ट्रॅक्टर घरंगळायचा, गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन धरायचं. पण मागे दाताळं जमिनीत रुतलेलं असेल तर ट्रॅक्टर घरंगळणार कसा? म्हणून दाताळं वर ठेवायचं. लिफ्टमधून तेल झिरपायचं, त्यामुळे इंजिन बंद असताना ते हळूहळू खाली यायचं. म्हणून मग त्याच्या खाली बाभळीच्या दुबेळक्याचा, दोन फाटे फुटलेल्या फांदीचा, टेकू लावायचा. आमच्या भागात तेव्हा हीच रीत होती. मोटारी, लॉऱ्या, ट्रॅक्टर, सगळं उतारावर उभं आणि चाकाखाली दगड. गावात चढ कुठे, उतार कुठे हे आम्हाला गाड्यांवरून कळायचं.

मी काय करायला हवं होतं? व्यवस्थापकांना सांगायला हवं होतं की बॅटरी आल्याशिवाय हे दाताळं बाहेर पाठवू नका. पण मी नवा होतो. मिळालेली नोकरी हातातून जाईल अशी भीती मला रोज वाटायची. आणि त्या हसण्याची लाज वाटली. मी ती सूचना गाळली. भिंतीवर निळ्या रंगात सहाच सूचना लिहिल्या, सुबक अक्षरात, खाली रेघ मारून. येणारे जाणारे अक्षराचं कौतुक करायचे.

त्या उन्हाळ्यात खटकचिंचोळीच्या अलीकडे एका माळावर दाताळं गेलं. जमीन आमच्याच समाजातल्या एका जोडप्याला मिळालेली होती. तो चाळिशीचा, अबोल. त्याची बायको बोलकी आणि कामाला वाघीण. तिला मी अक्का म्हणायचो, त्याला दादा. त्या दोघांनी दोन वर्षं टोपल्यांनी दगड उचलले होते आणि तरी माळ होता तसाच होता. दाताळं चालतंय की नाही याची नोंद करायला व्यवस्थापकांनी मला बरोबर पाठवलं.

सकाळी काम सुरू झालं, पण दात नीट बसेनात. दाताळं मुरमावरून उड्या मारत चाललं होतं. मी पुस्तिका काढून पाहिलं, वरच्या दांड्याचे आटे फिरवून दातांचा कोन बदलायला सांगितला. थोडा फरक पडला. तेवढ्यात दादा पुढे झाला आणि सहज दाताळ्याच्या लोखंडावर चढून उभा राहिला. बैलाच्या फळीवर वजनासाठी माणूस उभा राहतो ना, तसा.

मी ओरडलो, "दादा, उतरा! त्यावर उभं राहायचं नाही."

"कामून? फळीवर उभारतो की आमी."

"फळी लाकडाची. घसरलात तर दातात जाल."

अण्णा मागे वळून म्हणाला, "उतर बाबा. भिंतीवर लिव्हलंय मास्तरनं."

तो उतरला. मी त्याऐवजी एक पोतं मागितलं. त्यात दगड भरले, आणि पोतं दाताळ्याच्या चौकटीवर सुंभाने बांधलं. दात बसले. धोंडे गडगडत एका ओळीत गोळा व्हायला लागले. अक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "बघा की. दोन वरसांचं काम दोन घंट्यात करायलंय." माझी छाती फुगली होती, हे लपवत नाही.

साडेअकराच्या सुमारास एक दात दगडात अडकून वाकला. त्याचा बोल्ट सैल होऊन दात एका बाजूला कलला. अण्णाने नेहमीप्रमाणे ट्रॅक्टर उतारावर नेला, तोंड खाली करून उभा केला, दाताळं वर ठेवून इंजिन बंद केलं, पुढच्या चाकाखाली दगड लावला, मागे टेकू दिला. प्यायचं पाणी संपलं होतं. दादा आणि अक्का भाकरी खायला पलीकडच्या चिंचेखाली गेले होते. अण्णाने घागर उचलली.

"विहिरीवरून येतो. मी येस्तोवर हात लावू नका, मास्तर. पान्याचं काम हाय."

"बोल्ट तर काढायचाय."

"कागदावरचा बोल्ट न्हाई त्यो." असं म्हणून तो हसत गेला.

ते हसणं मला लागलं. मला वाटलं, तो येईपर्यंत दात काढून हातात धरून उभं राहावं. मी पाना आणि हातोडा घेतला. बोल्ट खालच्या बाजूने होता. मी जमिनीवर बसलो आणि डावा पाय लांब करून दाताळ्याखाली सरकलो. हे करताना मला गाळलेली सूचना आठवली नाही असं मी म्हणणार नाही. आठवली. शब्दन् शब्द आठवली. आणि मनात म्हणालो, पाचच मिनिटं.

बोल्ट गंजलेला होता. पान्यावर हातोडा मारला. दुसऱ्या की तिसऱ्या दणक्याला टेकू निसटला. लिफ्टमधलं तेल तोवर झिरपून गेलेलं, दाताळं एकदम खाली आलं.

आवाज फार मोठा झाला नाही. धप्प. आधी दुखलंही नाही. फक्त पाय माझा राहिला नाही असं वाटलं. मी बघितलं तर नडगी दोन दातांच्या फटीत होती आणि पाऊल पलीकडे. जो दात वाकला होता म्हणून मी खाली गेलो, त्याच्या कलण्यामुळेच ती फट रुंद झाली होती. तो सरळ असता तर हाडातूनच गेला असता. आता तो घोट्याला एका दगडावर दाबून बसला होता. वर दाताळ्याचं सगळं वजन, आणि त्यावर मीच बांधलेलं दगडांचं पोतं.

मग दुखायला लागलं.

मी पाय ओढून पाहिला. पाऊल फटीतून येईना. लोखंड दोन्ही हातांनी धरून उचलायला गेलो, ते हललं नाही. ओरडलो. समोर ट्रॅक्टरचं मागचं मोठं चाक, त्यापलीकडे उतार, आणि उतारावर उन्हात थरथरणारी हवा. चिंच कुठेतरी पाठीमागे होती, मला दिसत नव्हती. वारा माझ्या तोंडावर येत होता, म्हणजे माझा आवाज उलट्या दिशेने जात होता का, का तिकडेच जात होता, याचा मी हिशोब करत राहिलो. मुरूम तापला होता. पाठ भाजत होती, पण कुशीवर वळता येत नव्हतं. बसून राहिलं की घोट्यावर ताण यायचा, झोपलं की पाठ भाजायची. मी या दोन्हींमध्ये कितीतरी वेळा खालीवर झालो.

सगळ्यात भीती होती ती पुढच्या चाकाखालच्या दगडाची. ट्रॅक्टरच्या पोटाखालून तो मला दिसत होता. नारळाएवढा, लाल, एका बाजूने गोल. मी हललो की लोखंड कुरकुरायचं आणि मला वाटायचं दगड सरकला. तो निघाला आणि ट्रॅक्टर हातभर जरी खाली गेला, तर दात माझ्या पायासकट ओढले जाणार होते. मी त्या दगडाकडे इतका वेळ बघितलं की आजही तो मला हजार दगडांतून ओळखता येईल.

अखेर अण्णा आला. घागर खांद्यावर. मला बघून त्याने ती टाकूनच दिली. पाणी वाहून गेलं.

"अय्यो! मास्तर!" तो धावत पुढे गेला. मला वाटलं माझ्याकडे येईल. पण तो पुढच्या चाकाकडे गेला आणि पाय उचलला. दाताळं उचलायचं तर लिफ्ट हवी, लिफ्टला इंजिन हवं, आणि इंजिन चालू करायचं म्हणजे दगडाला लाथ मारायची. इतक्या वर्षांत त्याच्या पायाला दुसरं काही माहीतच नव्हतं.

"अण्णा, दगड नको! दगड काढू नका!"

त्याचा पाय दगडावर टेकलेला होता. तो तसाच थांबला. त्याने मागे माझ्याकडे पाहिलं, मग दाताळ्याकडे, मग उताराकडे. त्याने पाय हळूच, तापल्या तव्यावरून काढावा तसा काढून घेतला.

त्याने दोन मोठे धोंडे उचलून आणले, दोन्ही मागच्या चाकांपुढे ठोकून बसवले. मग माझ्यापाशी येऊन पोत्याचं सुंभ विळ्याने कापलं आणि पोतं पलीकडे लोटून दिलं. वजन थोडं हललं, मी किंचाळलो. त्याने लोखंडाला खांदा लावून उचललं. बोटभर वर आलं. पण एकट्याने उचलून धरायचं आणि पायही काढायचा, हे होईना. त्याने ते तितक्याच हळू खाली ठेवलं आणि चिंचेकडे तोंड करून हाका मारल्या.

दादा आणि अक्का धावत आले. शेजारच्या रानातून एक म्हातारा शेतकरी आपले बैल आणि दोन गडी घेऊन आला. त्याला सगळे अप्पा म्हणत. त्या शिवारातला मोठा माणूस. आता माझ्याभोवती सहा माणसं झाली आणि सहाजणांची सात मतं.

"ट्रॅक्टर पुढं घ्या."

"पुढं कसा घेतुस? पाय जाईल की त्याचा!"

"माझे बैल जुंपा. मागनं वढू द्या. उचलंल."

"अप्पा, बैल दणक्यानं वढत्यात. अर्धं वर, अर्धं आडवं जाईल."

"मग काय बघत बसायचं? पाय वढा जोरानं!"

एका गड्याने खरोखरच माझा गुडघा धरला. मी काय ओरडलो ते आठवत नाही. मी त्यांना सांगत होतो, आधी दोन्ही बाजूंना टेकू, मग उचला, मग खालची माती काढा. पण जमिनीवर पडलेल्या माणसाचं कोण ऐकतं? माझ्या तोंडाला कोरड पडली होती. शब्द फुटेनात. सगळे माझ्यावरून बोलत होते, आणि मला फक्त धोतरं, पायताणं आणि आभाळ दिसत होतं.

"पाणी," मी म्हणालो.

पाणी होतं ते अप्पाकडे, त्याच्या तांब्यात. आमच्या लोकांना तो वरून पाणी ओतायचा, ओंजळीत. मी लहानपणी असंच पाणी प्यालेलो होतो. आताही त्याने तांब्या वर धरला. मी ओंजळ करायला गेलो, पण मागे टेकलेला हात काढला की घोट्यावर भार पडायचा. एक हात पुढे आला, पाणी बोटांतून गळून मुरमात गेलं. दुसऱ्यांदाही तसंच. अप्पा क्षणभर थांबला. मग गुडघ्यावर बसला, एका हाताने माझी मान उचलली आणि तांब्या माझ्या ओठाला लावला. मी तांब्या रिकामा केला.

मग मला बोलता आलं. मी अण्णाला म्हणालो, "अण्णा, चौथी सूचना."

त्याने मान हलवली. उठून उभा राहिला आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की बैलांनी कान टवकारले. "गप बसा सगळे! ट्रॅक्टरला कुणी हात लावायचा न्हाई, बैल लांब न्या. आता मास्तर सांगायलाय तसं हुईल."

मी सांगत गेलो आणि तो करवून घेत गेला. दादाने पहार आणली. अप्पाच्या गाडीची दांडी आणली. पलीकडचं टोक दगडावर टेकवून त्या दोन बाजूंनी दाताळ्याखाली घातल्या. दोन बाजूंना दोघं-दोघं. "चारच बोटं," अण्णा म्हणायचा. "चार बोटं उचला. थांबा. दगड सरकवा. आता सोडा हळू." वर गेलेलं दाताळं दर वेळी नव्या दगडावर बसत होतं, माझ्यावर नाही. अप्पाचा खांदा माझ्या डाव्या बाजूच्या दांडीखाली होता आणि त्याचा घाम माझ्या कपाळावर पडत होता.

अक्का पोटावर झोपून आत शिरली, फक्त हात आणि खुरपं घेऊन. मी म्हणालो, "अक्का, आधी दगड पक्के बसलेत का बघा, मग हात घाला." तिने दोन्ही बाजूंचे दगड हलवून बघितले आणि मगच घोट्याखालचा मुरूम खरवडायला लागली. खुरप्याचं पातं माझ्या कातड्याला लागायचं, तशी ती पुटपुटायची, "जरा, जरा, भाऊ, झालंच." शेवटी ज्या दगडावर घोटा दाबला होता तो तिने उपसून काढला. पाऊल खाली घसरलं, आडवं झालं, आणि तिने ते दोन्ही हातांनी धरून फटीतून अलीकडे आणलं. चप्पल आतच राहिली.

"निघाला," ती म्हणाली. "पाय निघाला बघा."

अप्पाच्या गाडीत घालून त्यांनी मला सडकेपर्यंत नेलं. पुढे दवाखाना, प्लास्टर. हाड मोडलं होतं, पण पाय राहिला.

दोन महिने मी घरी खाटेवर होतो. ते दोन महिने दाताळ्याखालच्या दुपारपेक्षा सोपे नव्हते. मला उठता येत नव्हतं आणि माझ्यामुळे आईला कामाला जाता येत नव्हतं. वडील संध्याकाळी येऊन पायाशी बसायचे. एकदा सगळी हकीकत त्यांनी मला पुन्हा सांगायला लावली. भिंतीवरच्या सहा सूचनांचंही. बराच वेळ प्लास्टरवर हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "तुला वाचाया येतंय म्हनूनच ठिवलंय ना तिथं?"

एवढंच. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

कामावर परत गेलो तेव्हा काठी घेऊन. पहिल्या दिवशी व्यवस्थापकांना भेटलो आणि सांगितलं की बॅटरी आल्याशिवाय दाताळं बाहेर जाऊ नये. गेलं तर मी नोंद लिहिणार नाही. ते माझ्या काठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अर्ज कर." मी तिथेच बसून कानडीत अर्ज लिहिला. माझी कानडी कच्ची होती, अण्णाने शब्द सुचवले.

मग निळा रंग आणला. सहाव्या सूचनेखालची रेघ खरवडून काढली आणि खाली सातवी लिहिली. अण्णा काठी धरून मागे उभा होता.

"काय लिव्हलंय, वाचा की."

मी वाचलं. "उतरण्याआधी दाताळं जमिनीवर टेकवा. उचललेल्या दाताळ्याखाली कोणीही जाऊ नये."

"उचलायचं कसं, ते न्हाई लिव्हलं?"

"बॅटरी येईस्तोवर उचलायचंच नाही."

तो मग अंगणात गेला. ट्रॅक्टर नेहमीसारखा उतारावर होता, दाताळं टेकूवर. आजूबाजूच्या सगळ्यांना त्याने लांब व्हायला सांगितलं, स्वतः सीटवर चढला आणि लिफ्टची दांडी हळूहळू खाली केली. दाताळ्याचा सगळा भार टेकूवर आला तेव्हा खाली उतरून लांबून पहारेने टेकू ढकलून दिला. दात मुरमात रुतले. आता तो ट्रॅक्टर ना घरंगळणार होता, ना चालू होणार होता. बॅटरी यायला अडीच महिने लागले, आणि तोवर तो तिथेच उभा राहिला. रोज कोणी ना कोणी शेतकरी यायचा, ट्रॅक्टर बघायचा आणि आम्हा दोघांना शिव्या घालून जायचा.

अण्णा प्रत्येकाला भिंतीकडे बोट दाखवायचा. "तिथं लिव्हलंय, वाचा. मला येत न्हाई."